विमान पडलं तेव्हा माईक माझ्या हातात होता

मी निवेदिका आहे. कंपन्यांचे वार्षिक मेळावे, लग्नाचे स्वागत समारंभ, गाण्यांच्या मैफली, बिल्डरांची भूमिपूजनं, जे येईल ते करते. मधल्या दिवसांत अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये जाहिरातींना आवाज देते. एअर शोचं काम मात्र तोवर कधी केलं नव्हतं. मुंबईपासून सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला पोचतो इतक्या अंतरावर, घाट चढून गेल्यावर एका गावाबाहेर छोटी धावपट्टी आहे. तिथे दोन दिवसांचा कार्यक्रम होता. आयोजकांना हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारी बाई हवी होती, आणि त्यांना माझं नाव कुणीतरी दिलं होतं.

कुठल्याही कार्यक्रमाआधी मी एक गोष्ट न चुकता करते. ज्यांची नावं घ्यायची त्यांना प्रत्यक्ष भेटून नाव कसं म्हणायचं ते विचारते. त्या दिवशी सकाळी तंबूच्या मागे वैमानिकांचा नाश्ता चालू होता, तिथे गेले. शेवटच्या कसरतीत दोन विमानं आणि दोन वैमानिक होते. त्यातला एक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केळं खात होता. तिशी ओलांडलेला, सावळा, अंगानं किरकोळ. मी कागद पुढे केला.

"आडनाव कसं म्हणायचं तुमचं? इथे इंग्रजीत आहे."

"तुम्ही मराठी ना, तुम्हाला जमेल," तो म्हणाला, आणि म्हणून दाखवलं. "ळ आहे त्यात. सगळे ल म्हणतात. फ्लाइंग क्लबात तर मी ल-वालाच होऊन गेलो."

"इथे ळच म्हणते."

"आणि ताई, नुसतं पहिलं नाव नका घेऊ. आयोजकांनी कागदावर वर तेवढंच ठळक केलंय. आडनावासकट घ्या. आई नंतर व्हिडिओ मागते. मागच्या वेळी विचारलं तिनं, आपलं आडनाव कुठे गेलं?"

मी कागदावर आडनावाखाली रेघ मारली. मुलुंडचे म्हणू का, असं विचारलं, तर म्हणाला, म्हणा की, मुलुंडचाच आहे. कुणीतरी चहा घेऊन आलं, तो त्यानं नको म्हटलं.

"काल येताना घाटात दोनदा गाडी थांबवायला लावली मी. अजून पोट जागेवर नाही. मला गाडी लागते."

मला हसू आलं. "आणि विमान?"

"विमान मी चालवतो ना. दुसऱ्यानं चालवलं की पोटात ढवळतं."

समोर बसलेला त्याचा जोडीदार, म्हणजे दुसऱ्या विमानाचा वैमानिक, म्हणाला, "याला रिक्षातून अंधेरी-कुर्ला रोडनं घेऊन जा एकदा, मग बघा." आमचं बोलणं एवढंच झालं. पाचेक मिनिटं असेल. पुढे त्या पाच मिनिटांबद्दल मला किती जणांनी विचारलं.

कार्यक्रम नीट चालला होता. शाळांची मुलं आली होती, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. मी मंचावर उभी होते, कानात हेडफोन. कार्यक्रमाचे प्रमुख, हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यातून मला सूचना देत होते. पॅराशूटवाले उतरले, छोटी मॉडेल विमानं उडाली, मग ही दोन विमानं वर गेली. पहिल्या फेरीत त्यांनी भगवा, पांढरा, हिरवा धूर सोडला. मुलं उभी राहून ओरडत होती.

दुसऱ्या फेरीत ती एकमेकांपासून लांब गेली. मी त्याचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि म्हटलं, "मुलुंडचे आपले हे वैमानिक आता येत आहेत तुमच्या अगदी जवळ." विमान वर चढलं, उलटं झालं, आणि खाली येताना जिथे सरळ व्हायला हवं होतं तिथे झालं नाही. मला इतकंच दिसलं. ते धावपट्टीपलीकडच्या निलगिरीच्या झाडांमागे गेलं. आवाज त्यानंतर आला.

पहिल्या काही रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा काही दोष नव्हता. झाडांमागून धूर येत होता, आणि थोड्याच वेळापूर्वी त्यांनी धुरासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. कडेकडेनं कमी होत गेल्या. मग एक बाई ओरडली, आणि मागच्या बाजूची माणसं खुर्च्या सरकवून उठायला लागली.

माझ्या कानात प्रमुखांचा आवाज आला. "बोलत राहा. काहीही बोल, पण थांबू नकोस. पब्लिक तिकडे धावता कामा नये. पायलटबद्दल एक शब्द नाही."

मी बोलायला लागले. सर्वांना विनंती आहे, आपापल्या जागी बसून राहा. लहान मुलांना जवळ घ्या. धावपट्टीकडे कुणीही जाऊ नका, गाड्यांना रस्ता मोकळा ठेवा. शाळांच्या शिक्षकांनी आपल्या मुलांची रांग करावी. हेच मराठीत, मग हिंदीत, मग पुन्हा मराठीत. माझा आवाज नेहमीसारखा येत होता, तो माझा मलाच ऐकू येत होता. माईक मात्र मी दोन्ही हातांनी धरला होता. मंचाच्या पायरीशी एक माणूस आला, खांद्यावर मुलगी होती. "मॅडम, वाचला का तो, तेवढं सांगा." मी माईक बाजूला धरून म्हटलं, "मला माहीत नाही हो." ते खरंच होतं, पण त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी लपवतेय. तो बराच वेळ तिथेच उभा होता.

दुसरं विमान उतरलं. जोडीदार बाहेर पडला आणि धुराच्या दिशेनं चालायला लागला. धावत नव्हता, चालत होता. दोघांनी जाऊन त्याला धरलं. मग तो गवतात बसला.

मैदान रिकामं होईपर्यंत मी बोलत होते. शेवटी समोर खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्याच उरल्या, तरी कोणत्या फाटकातून बाहेर पडायचं ते सांगत होते. प्रमुख स्वतः मंचावर आले, माझ्या हातातून माईक काढून घेतला, बंद केला.

"गेला तो," म्हणाले. "घरी कळवायला माणूस पाठवलाय मुलुंडला. तोवर कुणाशी बोलू नकोस." मग तेही एका खुर्चीवर बसले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. मी अंधेरीला परत आले.

आमच्या घरी मी आणि आई. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, आयुष्यभर ऑपरेटर होती. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "टीव्हीवर बघितलं गं. आंघोळ कर आधी." जेवताना तिनं टीव्ही लावला नाही. 

सकाळी फोन उघडला तेव्हा व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी काढलेला. त्यात विमान लहानसं दिसत होतं आणि माझा आवाज मोठा ऐकू येत होता. "तुमच्या अगदी जवळ." मग तो आवाज, मग टाळ्या, मग पुन्हा मी, "सर्वांना विनंती आहे." एका वाहिनीनं माझं पहिलं वाक्य कापून बातमीच्या सुरुवातीला लावलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं. कुणी सलाम ठोकला होता. कुणी म्हटलं होतं, बाई आहे का स्टेशनवरची अनाउन्समेंट, माणूस मेला आणि हिला काही वाटत नाही. मी सगळं वाचलं. आईनं दोनदा फोन ठेव म्हणून सांगितलं, तरी वाचलं.

"तुला काय वाटतं?" मी तिला विचारलं. "खरंच तसा वाटतो माझा आवाज?"

ती भाजी निवडत होती. "ट्रंक कॉलवर लोक कुणी गेल्याचं सांगायचे. आम्ही मध्ये असायचो. कितीदा तर पलीकडून रडण्याशिवाय काही यायचंच नाही. आम्हीही रडत बसलो असतो तर लाइन कुणी जोडली असती?"

"आणि मग घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर तुम्हा पोरांचा अभ्यास घ्यायचा असायचा." तिनं मेथीची काडी मोडली. "एखाद्या दिवशी मोरीत नळ सोडून रडायचे. तुला कधी कळलं नाही, बरं झालं."

बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात मला सगळ्यांनी गाठलं. लिफ्टमध्ये, जिन्यावर, खाली वाण्याकडे. तुम्ही जवळून बघितलंत का, हा पहिला प्रश्न. मग प्रत्येकाकडे स्वतःचं कारण तयार असे. इंजिन बंद पडलं असणार. पक्षी आडवा आला असणार. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, ज्यांनी मला लहानपणापासून पाहिलंय, म्हणाले, "ओव्हरकॉन्फिडन्स गं, दुसरं काय. आजकालच्या मुलांना स्टंट करायचा असतो."

"तुम्ही त्याला भेटला होतात का, काका?"

"भेटायला कशाला पाहिजे? व्हिडिओत दिसतंय ना."

मी जिना चढले. माझ्या आवाजाबद्दल लोकांनी जे लिहिलं त्याचा मला एवढा राग आला नव्हता.

कामही थांबलं नाही. तीन-चार दिवसांनी गाद्यांच्या एका कंपनीची जाहिरात होती, आधीच ठरलेली. मी एमआयडीसीतल्या स्टुडिओत गेले, काचेमागे बसले, निश्चिंत झोपेबद्दल जे काय होतं ते वाचलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "झकास. एका टेकमध्ये ओके." बाहेर येऊन मी जिन्यात बसले. आवाज फुटला असता, घसा बसला असता, तर मला बरं वाटलं असतं. काहीच झालं नव्हतं. तो रेकॉर्डिस्ट सिगारेट ओढायला बाहेर आला, माझ्याकडे बघून शेजारी बसला आणि सिगारेट न पेटवताच हातात धरून राहिला.  थोड्या वेळानं तो म्हणाला, "चल, मेट्रोपर्यंत सोडतो तुला."

त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, हळू.

"तुम्हीच ना त्या, ज्यांनी नाव घेतलं?"

ती त्याची मोठी बहीण होती. नंबर आयोजकांकडून घेतला होता. तिला भेटायचं होतं. मी मुलुंडला येते म्हटलं, तर म्हणाली, घरी सारखी माणसं आहेत, बोलता येणार नाही, मध्येच कुठेतरी भेटू. मी मेट्रोनं घाटकोपरला गेले, ती मुलुंडहून आली. स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. विम्याच्या कचेरीत नोकरी करणारी, माझ्याहून थोडी लहान. डोळे सुजलेले होते पण केस नीट विंचरलेले, साडीला पिन लावलेली.

मला वाटलं, ती अपघाताबद्दल विचारेल. ती म्हणाली, "सकाळी तुम्ही त्याच्याशी बोललात ना? काय खात होता?"

"केळं."

"चहा घेतला?"

"नको म्हणाला. घाटात गाडी लागली होती म्हणे."

तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. "शाळेच्या सहलीला बाई त्याला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवायच्या. हातात लिंबू. लिंबाचा वास घेत घेत गाव यायचं. पायलट होणार म्हणाला तेव्हा आई म्हणाली, अरे, तू आधी एशियाड बसनं पुण्याला जाऊन दाखव." मग मात्र ती रडली. वेटर डोशाची ऑर्डर घ्यायला आला होता, तो काही न विचारता दोन ग्लास पाणी ठेवून गेला.

मी तिला आठवेल ते सगळं सांगितलं. कोणत्या रंगाचा शर्ट होता, जोडीदार काय म्हणाला, आडनावाबद्दल तो काय म्हणाला. ते ऐकून तिनं मान वर केली.

"सगळ्या चॅनेलनी ल म्हटलं, ताई. एकानं तर आडनावच बदललं. आईला आम्ही व्हिडिओ दाखवला नाही, पण शेजारच्या मुलीच्या फोनवर चालू होता, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज तिच्या कानावर गेला. तुमचा. ती म्हणाली, या बाईनं आपलं नाव बरोबर घेतलं, कोण आहे ही? म्हणून मी फोन केला."

 अपघात होण्याच्या जरा आधीचं वाक्य होतं ते, आणि त्या घरात ते असं ऐकलं गेलं होतं.

रविवारी त्यांच्या घरी त्याच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तुम्ही याल का, तिनं विचारलं. चार शब्द बोलाल का, तुम्हाला सवय आहे.

"येईन. पण माईकवर नाही बोलणार."

"माईक कुठला," ती म्हणाली. "हॉलमध्ये सतरंज्या टाकून बसायचंय."

मुलुंडला त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत टेबलावर बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी त्याचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्याची आई पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसली होती. पालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, ताठ बसणारी बाई. बहिणीनं माझी ओळख करून दिली तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला आणि शेजारी बसवून घेतलं. त्रिशरण, पंचशील झालं. नातेवाईक बोलले, त्याचे शाळेतले सर बोलले. मी बसल्या जागेवरूनच बोलले. केळं, चहा, घाट. गाडी लागायच्या गोष्टीवर खोलीतले काही लोक हसले, कारण ती त्या सगळ्यांना माहीत होती.

जेवणं चालू असताना मी हात धुवायला बाल्कनीत गेले. खाली स्कूटर लावलेल्या होत्या, त्यांच्यापाशी एक माणूस उभा होता. वर बघायचा, पुन्हा मान खाली घालायचा. मी त्याला ओळखलं. तो जोडीदार होता. त्या घरात त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी बहिणीला बोलावून दाखवलं, दुसऱ्या विमानात हा होता म्हटलं.

"तो? मग वर का येत नाही?"

"येववत नसेल."

तिनं क्षणभर विचार केला, मग पदर खोचला आणि खाली गेली. मी वरून बघत होते. तिनं त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. तो सारखा मान हलवत होता. शेवटी तिनं त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि जिन्याकडे चालायला लागली, तेव्हा तो मागोमाग आला.

आत आल्यावर तो आईसमोर उभाच राहिला.

"बस," आई म्हणाली. "जेवलास?"

"मावशी, मी पलीकडून येत होतो. मला दिसत होतं, तो वर गेला तेव्हा..."

"ते चौकशीवाल्यांना सांग." तिचा आवाज कडक नव्हता. "मला ते नको. तुम्ही दोघं दिवसभर बरोबर असायचात. दुसरं काहीतरी सांग. मला माहीत नसलेलं."

तो खाली बसला.  ताट समोर आलं, त्यानं वरणात भात कालवला आणि तसाच ठेवला. मग म्हणाला, "पत्त्यांत हरला की मानायचा नाही. पुन्हा वाटा म्हणायचा. एकदा आम्ही सगळे झोपलो, तर एकटाच बसून स्वतःशी खेळला, आणि सकाळी म्हणाला, मी जिंकलो."

"हे बापावर गेलं," आई म्हणाली. "तेही असेच होते." तिनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. "तू परत उडणार?"

"माहीत नाही, मावशी."

"आत्ता ठरवू नकोस."

तो मान खाली घालून जेवला. सगळं ताट संपवलं. जाताना आईच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला अर्ध्यातच धरलं.

या सगळ्याला आता बरेच महिने झाले. चौकशी अजून चालू आहे. नेमकं काय झालं ते त्या घराला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या धावपट्टीवर पुन्हा एअर शो झाला नाही. जोडीदार मध्ये काही काळ जमिनीवरच राहिला. आता तो नवीन मुलांना विमान शिकवतो. कसरती करत नाही. मी माझी कामं करते. काका लिफ्टमध्ये भेटतात, पावसापाण्याचं बोलतात.

बहिणीचे आणि माझे फोन होतात. गेल्या महिन्यात तिचा सकाळीच आला, मागे गडबड ऐकू येत होती. ती सांताक्रूझला विमानतळावर होती. नागपूरला मामेभावाचं लग्न होतं.

"मी आईला म्हटलं, ट्रेननं जाऊ. म्हणाली, ट्रेनमध्ये माझी कंबर धरते, विमानाची तिकिटं काढ. ताई, ती आजवर कधी बसलीच नव्हती विमानात. तो किती मागे लागायचा, तेव्हा नाही बसली."

"मग आता कशी आहे?"

"खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून रागावलीय," ती म्हणाली. "काउंटरवरच्या मुलीशी बोलतेय. थांबा, मला जायला हवं."